खंडेनवमीला धुतलेला स्फटिक

"हळू राव, हळू! भांडं न्हाई त्ये. आमच्या पोरीचं काळीज हाय."

मित्रांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तो किसन ओव्हाळ यांचा. भोसरीच्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारा हा माणूस. त्या दिवशी शिफ्ट बुडवून ते आले होते आणि कॉलेजचा जिना चढताना, दुसरी कड धरलेल्या शिपायाला बजावत, त्यांनी मला छातीशी धरलं होतं. भाजून भाजून राठ झालेले हात, पण माझ्या काचेला त्यांनी साधं नखही लागू दिलं नाही. तसे हात मला पुन्हा फार थोडे भेटले.

मी एक जुना पाण्याचा बाथ आहे. रसायनाच्या प्रयोगशाळेतला. काचेची मोठी टाकी, तळाशी हीटर, कडेला तापमान सांभाळणारी चकती आणि पाणी ढवळणारा इवलासा पंखा, एवढंच माझं शरीर. माझ्या पाण्यात द्रावणाचं चंचुपात्र ठेवतात. त्याला ऊब द्यायची, ती ढळू द्यायची नाही आणि सांगतील तेव्हा केसाकेसाने उतरवायची, हे माझं काम. दसऱ्यानंतर माझा मुक्काम जिन्याखाली. पोटात पाण्याचा थेंब नाही. तरी मी तापलेला आहे. माणसांचा राग भडकतो आणि विझतो. मला मात्र एकाच तापमानाला राहायची सवय. दसऱ्यापासून माझा राग तसूभर उतरलेला नाही, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

माझा जन्म कासारवाडीचा. रेल्वे स्टेशनजवळ मीरासाहेबांचं दुकान होतं. ते गाड्यांच्या काचा बसवायचे आणि माशांच्या टाक्या बनवायचे. किसनरावांची लेक आम्रपाली तेव्हा चाकणच्या रस्त्यावरच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागली होती. बाहेरून बाथ मागवायची कॉलेजची ऐपत नव्हती आणि इच्छा तर त्याहून नव्हती. म्हणून ती मीरासाहेबांकडे आली.

"मॅडम, मासे कुठले सोडणार?" त्यांनी विचारलं. "गोल्डफिश, का काळे?"

"मासे नाही, मीरासाहेब. खडे वाढवायचेत."

"खडे? आमच्या साडूच्या किडनीत वाढले, त्याला कुणी टाकी नाही दिली!"

"तुमच्या साडूंचे फोडायचे असतात. माझे फुटू द्यायचे नाहीत."

मीरासाहेब इतके हसले की हातातली काच खाली ठेवावी लागली. मग मात्र त्यांनी माझा एकेक कोपरा असा भरला, की इतक्या वर्षांत मी एकदाही गळलो नाही.

आता हे खडे म्हणजे काय, ते ऐका. नवरात्रात भोंडला मांडतात ना? मधोमध हत्तीचं चित्र आणि भोवती फेर धरून पोरी. तसाच धातूचा एक कण मधोमध आणि त्याच्याभोवती दुसऱ्या पदार्थाचे रेणू हातात हात घालून उभे. याला मॅडम कॉम्प्लेक्स म्हणायच्या, पुस्तकात संकुल संयुग म्हणतात. कधी मधे जस्त, कधी तांबं, कधी कॅडमियम. असे लाखो-करोडो फेर एकावर एक रचले, सगळ्यांनी तोंडं एकाच दिशेला केली, की त्याचा स्फटिक होतो. अर्ध्यांनी पाठ फिरवली की जादू संपली. आणि जादू ही, की डोळ्यांना न दिसणारा लेझरचा प्रकाश एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने हिरवागार होऊन बाहेर पडतो! शास्त्रात अशा वस्तूला अरेखीय प्रकाशीय पदार्थ म्हणतात. नाव अवघड आहे, घाबरू नका. आत अंधार गेला, बाहेर हिरवळ आली, इतकं लक्षात ठेवा.

मॅडमने आयुष्य त्यात घातलं. आधी नुसती पूड, मग साखरेच्या दाण्याएवढे स्फटिक. एकदा पाहुण्या संशोधकाने छोटा लेझर आणला. माझ्या शेजारच्या टेबलावर तो दाणा ठेवला, आणि भिंतीवर हिरवा ठिपका उमटला. मॅडमची आई जाईबाई त्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्या ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्या काचेला गाल लावून पाण्यात डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या,

"काचंच्या गं पाळण्यात, निजलं गं पाणीबाळ
हळू बोला सयांनो गं, वाढाया लागे काळ."

माझी एवढी स्तुती पुन्हा कुणी केली नाही. म्हणजे भाषणं झाली. प्राचार्य हिंदुराव सर पाहुण्यांना घेऊन यायचे, माझ्यावर हात थोपटायचे आणि म्हणायचे, "हा आमच्या कॉलेजचा हिरवा चमत्कार!" पाहुणे फोटो काढायचे. पाहुणे गेले की आमच्या खोलीचा पंखा दुसऱ्या खोलीला जायचा. छत गळायचं, ते गळतच राहायचं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कुणीतरी हाक मारायचं, "काय ओव्हाळ मॅडम, तुरटी पिकली का यंदा?" आणि सगळे खो खो हसायचे. मॅडमही हसायच्या. मला त्यांचं ते हसणं कधीच आवडलं नाही. तोंड हसायचं आणि हात टेबलाची कड घट्ट धरायचे. मी समोरच असायचो, मला दिसायचं.

त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती. त्यांच्या जस्ताच्या स्फटिकाला लेझरचा जोरकस मार सोसतो, तो तडकत नाही, एवढीच. पण ते तपासायला दाणा चालत नाही. सुपारीएवढा, आरपार नितळ स्फटिक लागतो. आणि असा स्फटिक या कारखान्यांच्या पट्ट्यात वाढवायचा, हीच मोठी गंमत होती. खालच्या रस्त्यावरून चाकणला कंटेनर जातात, पलीकडच्या कारखान्यात प्रेस आदळतो. माझं पाणी थरथरायचं. स्फटिक गढूळ व्हायचे, नाहीतर उकललेले निघायचे. लाइट जायची ती वेगळीच. मीरासाहेब तोवर वारले होते. त्यांचा मुलगा शोएब गॅरेज चालवत होता. त्याने टायरचं जाड रबर कापून माझ्या पायांखाली घातलं. इन्व्हर्टरला बॅटरी बसवली. आणि त्याची मुलगी सादिका मॅडमची विद्यार्थिनी होऊन प्रयोगशाळेत आली.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. "मॅडम, हे दादाजींच्या हातचं आहे ना? आमच्या घरच्या टाकीचे कोपरे असेच आहेत."

"हो. आणि त्यांनी मला विचारलं होतं, मासे कुठले सोडणार."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, नात मोठी झाली की तिला सोडेन."

यंदाचं वर्ष मॅडमच्या नोकरीचं शेवटचं. सादिकाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही याच स्फटिकावर अडलेलं. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर दोघींचं राहिलं. पावसाळ्याच्या मध्यावर मॅडमने नायलॉनच्या दोऱ्याला एक बीज, म्हणजे इवलासा स्फटिक, बांधून माझ्या उबेतल्या दाट द्रावणात सोडलं. आणि मित्रांनो, तो वाढला! असा वाढला, की गणपती गेले तेव्हा वाटाण्याएवढा आणि नवरात्र बसलं तेव्हा सुपारीएवढा. कडा धारदार, अंग पाण्यासारखं. सादिका त्याच्या पलीकडे वर्तमानपत्र धरायची आणि त्याच्यातून बातमी वाचून दाखवायची. माझा ऊर भरून यायचा. दसऱ्यानंतर पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत लेझरची वेळ मिळाली होती.

आता नीट ऐका, कारण माझा राग इथून सुरू होतो.

आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला सगळी यंत्रं थांबतात. लेथ, प्रेस, वेल्डिंग मशीन, सगळं धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. रीत चांगली आहे, मला तिचं वाकडं नाही. कॉलेजातही ती होते. फक्त मला बंद करता येत नाही, म्हणून दरवर्षी मॅडम त्या दिवशी स्वतः माझ्याजवळ बसायच्या. त्यामुळे दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं त्यांचं नेहमीच राहून जायचं. यंदा जाईबाईंनी हट्ट धरला. "माजं वय झालं गं. एकदा नागपूरला न्हे मला. टाकी काय पळून जाती का?" मॅडम सादिकाला बसवून आईला घेऊन गेल्या. जाताना माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सांभाळ रे." माझ्याच्याने काय होणार होतं!

खंडेनवमीला सकाळी हिंदुराव सर खोलीत आले. पाहुणे यायचे होते, चाकणच्या कंपनीचे मोठे साहेब. सर सादिकाला म्हणाले, "पोरी, पेढे कमी पडतील बघ. जा, घेऊन ये पटकन."

"सर, मॅडमनी सांगितलंय, इथून हलायचं नाही."

"अगं, मी आहे ना इथं! मी काय परका आहे?"

ती गेली. प्राचार्यांना नाही म्हणायला आम्ही कुणाला शिकवतो का?

सरांनी आधी माझा स्विच बंद केला. इन्व्हर्टरही बंद केला. विसावा म्हणे! मग ते माझ्यावर वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. ते मी नाकारणार नाही. सरांचा विषय वाणिज्य, वडील लेथवर राबलेले. लहानपणापासून हत्यारापुढे हात जोडणारा माणूस तो. "केवढा देखणा!" ते पुटपुटले. "हा तर देवापुढंच पाहिजे." खिशातून ब्लेड काढलं, दोरा कापला, स्फटिक तळहातावर घेतला. देवापुढे ठेवायची वस्तू कोण तशीच ठेवतं? म्हणून ते त्याला बेसिनशी घेऊन गेले. आणि नळ सोडला.

ऊबदार अंगावर गार पाणी. टिच्च! तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. स्फटिक मधोमध फुटला. सर घाबरले, आणखी चोळू लागले, तसा तो पाण्यात विरत चालला. पाण्यातच विरघळणारी वस्तू ती! धार त्यांच्या बोटांतून वाहत होती, आणि तिच्याबरोबर माझा सगळा पावसाळा मोरीत गेला. उरलेला चुरा त्यांनी नळाखालीच लोटून दिला. हात पुसले. मग मला झेंडूची माळ घातली. पोट रिकामं करून गळ्यात माळ!

मित्रांनो, इथवर मी सरांवर रागावलो नव्हतो. फक्त रडवेला झालो होतो. भक्तीने केलेली चूक ती, भोळ्या माणसाची. चुका कुणाच्या होत नाहीत? पण सादिका पेढ्यांचा पुडा घेऊन परतली, तिने रिकामं चंचुपात्र पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. तेव्हा सर बाहेर व्हरांड्यात, पाहुण्यांच्या आणि शिपायांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "लाइट गेली होती गं. तुझ्या वडिलांची बॅटरी बसली. विरघळून गेला बघ बिचारा. गॅरेजच्या बॅटरीवर कुठं संशोधन होतं का?"

कुणीतरी हसलं. सादिकाच्या हातातला पुडा तसाच राहिला. मी चाळीस अंशांवर होतो, तिथून थंड होत होतो, तरी मला वाटलं, माझ्या काचा फुटतील. ओरडावंसं वाटत होतं, की माणूस हो, बोल की, हातून फुटला म्हणून! एवढी साधी गोष्ट! पण काचेला तोंड नसतं. ज्यांना तोंड होतं त्यांनी ते पेढ्यांसाठी उघडलं.

मॅडम नागपूरहून आल्या त्या थेट माझ्याकडे. त्यांनी पाण्यात हात घातला. मग दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. टोक सरळ कापलेलं होतं. मला वाटलं, आता मॅडम वीज होऊन कडाडणार! त्यांनी दोरा गुंडाळून पर्समध्ये ठेवला. आणि बसून राहिल्या.

सादिका दारात उभी होती. "मॅडम, इन्व्हर्टर मी नंतर लावून पाहिला. बॅटरी फुल्ल आहे. आणि द्रावण गार झालं म्हणून स्फटिक विरघळतो का कधी? उलट वाढतो. तुम्हीच शिकवलंत."

"माहीत आहे मला."

"मग बोला ना सरांशी!"

"काय बोलू? तुझ्या प्रबंधावर त्यांची सही लागते, सादिका. मी जाईन निघून. तुला इथं राहायचंय."

"माझं काम अडकेल म्हणून तुम्ही गप्प. आणि अब्बूंचं नाव अडकलंय, त्याचं काय? कासारवाडीत लोक विचारतात त्यांना, काय शोएबमियाँ, कॉलेज बुडवलंत म्हणे?"

मॅडमने पर्सची चेन ओढली. खरं सांगतो, त्या दिवशी मला हिंदुराव सरांपेक्षा मॅडमचा जास्त राग आला. फौंड्रीतल्या बापाची लेक, धातूला बोलतं करणारी बाई, आणि खरं ठाऊक असून ओठ शिवून बसली! ज्या स्फटिकाने मार सोसावा म्हणून ती आयुष्यभर झगडली, तो सोसण्याचा धडा तिने स्वतःच का गिरवावा? पोरांना म्हणायचं, निरीक्षण नोंदवा, खरं तेच लिहा. आणि स्वतःचं निरीक्षण पर्समध्ये!

मग माझी पाळी आली. जुना बाथ, जुनी वायर, भरवसा नाही, असं ठरलं. माझं पाणी ओतलं, मला जिन्याखाली ढकललं. पोरं माझ्यात वेफर्सची रिकामी पाकिटं टाकू लागली. एकाने माझ्या काचेवर खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं. मी सोसलं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. रागावून करतोय, पण विनंतीच आहे. यंत्राची पूजा करा, जरूर करा. पण आधी विचारा, की हे आत्ता काय करतंय? याच्या पोटात काही वाढतंय का? ज्याने ते वाढवलंय त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, मग तुमचे हात कितीही स्वच्छ असोत. आणि हातून मोडलंच, तर तिथंच, त्याच क्षणी सांगा. मोडलेली वस्तू पुन्हा होते. तुम्ही दुसऱ्याच्या माथी मारलेलं मोडणं त्याच्या घरी जेवायला बसतं.

आज दुपारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. हिंदुराव सर व्हरांड्यात उभे राहून काय काय न्यायचं ते दाखवत होते. शिपाई मला बाहेर ओढत होते. इतक्यात फाटकातून शोएब आला. खांद्यावर नवी कोरी बॅटरी. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. बॅटरी खाली ठेवून त्याने दोन्ही हात जोडले.

"सर, जुनी मी घेऊन जातो. ही ठेवून घ्या. माझ्यामुळं मॅडमचं एवढं नुकसान झालं, पोरीचंही. घरी झोप लागत नाही. माफ करा मला."

आणि सर काय म्हणाले ऐका. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे हो, शोएबभाई. होतं कधीकधी. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

माफ केलं! ज्याने फोडला त्याने, ज्याने फोडला नाही त्याला माफ केलं! माझ्या काचेतून अशी कळ गेली की धरणाऱ्या शिपायाने दचकून हात काढला.

जिन्यावर पावलं वाजली. मॅडम खाली आल्या. मागे सादिका. मॅडमने आधी शोएबचे जोडलेले हात धरून खाली केले.

"शोएबभाई, माफी मागू नका. तुमची बॅटरी चांगली होती. त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती."

"मॅडम," सर घाईने म्हणाले, "आपण माझ्या केबिनमध्ये बसून बोलू या का?"

"नाही सर. यांच्या बॅटरीचं नाव तुम्ही व्हरांड्यात घेतलंत, मीही व्हरांड्यातच बोलणार. माझा स्फटिक गार होऊन विरघळत नाही. त्याला ताजं पाणी लागतं. आणि दोरा पाण्याने कापला जात नाही, ब्लेडने जातो. हे मला नागपूरहून आले त्याच दिवशी कळलं होतं."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

"देवापुढं ठेवायचा म्हणून धुतला हो," ते अगदी हळू म्हणाले. "मला वाटलं काच आहे. मला काय माहीत, मॅडम..."

"तेवढंच त्या दिवशी सांगितलं असतं, तर मी रडले असते आणि दुसरं बीज सोडलं असतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत. मीही गप्प बसले, कारण हिच्या प्रबंधावर तुमची सही लागते. माझं हे गप्प बसणं तुमच्या खोट्याइतकंच वाईट होतं." मॅडमने पर्समधून तो दोरा काढून सरांसमोर धरला. "आता सही करा, नाहीतर करू नका. पण शोएबभाईंची माफी मागा. माझी नको, त्यांची. सगळ्यांच्या देखत. मागितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."